फळ्यावरची अक्षरे सर्वांना दिसतात का?

खेड्यातल्या कुठल्याही शाळेत जा, वर्गात एखादे तरी मूल असे सापडते की ज्याच्याबद्दल गुरुजी सांगतात, "पोरगं तोंडी विचारलं तर बरं सांगतं, पण फळ्यावरचं लिहून घ्या म्हटलं की चुका करतं. लक्ष म्हणून नाही." त्याची आई सांगते, "घरी पुस्तक अगदी नाकाला लावून बसतो. किती वेळा सांगितलं, सवयच जात नाही." आणि शेजारी बसणारे मूल सांगते, "बाई, हा सारखा माझ्या वहीत बघून लिहितो." तिघांनी पाहिलेली गोष्ट एकच असते, पण तिघे तिला तीन वेगळी नावे देतात. गुरुजी तिला बेफिकिरी म्हणतात, आई वाईट सवय म्हणते आणि सोबती लबाडी म्हणतो. या मुलाला फळ्यावरचे दिसतच नसेल, ही शंका मात्र तिघांपैकी एकालाही येत नाही. गंमत अशी की, खुद्द त्या मुलालाही ती येत नाही.

आज मला बोलायचे आहे ते या न येणाऱ्या शंकेबद्दल. मी डॉक्टर नव्हे. महाविद्यालयात शिकवणे हा माझा व्यवसाय. परंतु शाळेत जे राहून गेले ते घेऊनच मुले आमच्याकडे येतात, आणि त्यात डोळ्यांचेही काही राहून गेलेले असते. मुलांचे डोळे ठराविक काळाने तपासून घ्यावेत, हे वाक्य इतके साधे आहे की, "यात सांगायचे ते काय?" असे कुणीही म्हणेल. सांगायचे ते एवढेच की, या कामात उशिराची किंमत फार मोठी आहे, आणि काही बाबतीत ती पुढे कितीही पैसे मोजले तरी भरून निघत नाही.

पहिला प्रश्न साहजिकच असा की, दिसत नसेल तर मूल सांगणार नाही का? नाही, बहुधा सांगत नाही. मोठ्या माणसाला चाळिशी लागली की तो वर्तमानपत्र लांब धरतो आणि म्हणतो, "हल्ली अक्षर जरा पुसट दिसतं." हे तो म्हणू शकतो, कारण पूर्वी ठळक दिसत होते ही आठवण त्याच्यापाशी असते. मुलापाशी ती आठवण नसते. ज्याला पहिल्यापासून लिंबाचे झाड हा एक हिरवा गोळाच दिसला, त्याला वाटते की झाड असेच असते. लांबून त्याची पाने सुटी दिसतात हे त्याला ठाऊकच नसते. चष्मा लागल्यावर अशी कितीतरी मुले पहिल्या दिवशी नवलाने सांगतात की, कौलं वेगवेगळी दिसतात, एसटीची पाटी लांबूनच वाचता येते. तोपर्यंत साऱ्या जगाला आपल्यासारखेच दिसते, असे त्यांनी धरून चाललेले असते.

दुसरे कारण याहून चोरटे आहे. आपल्याला डोळे दोन आहेत. त्यातला एक अधू असला, तर दुसरा चांगला डोळा सगळे काम अंगावर घेतो. मूल पळते, खेळते, सुईत दोराही ओवते. घरात कुणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून दोन्ही डोळे उघडे ठेवून "समोरचं दिसतं का रे?" एवढे विचारणे म्हणजे तपासणी नव्हे. एक डोळा झाकून दुसऱ्याने, आणि मग दुसरा झाकून पहिल्याने, अशी परीक्षा झाली तरच खरे काय ते कळते.

आता डोळ्यात बिघडते तरी काय, हे थोडक्यात पाहू. बाहेरचा प्रकाश डोळ्याच्या पुढच्या भागातून आत येतो आणि मागच्या पडद्यावर चित्र उमटवतो. चित्र नेमके पडद्यावर पडले तर ठळक दिसते. जन्मलेल्या बाळाचा डोळा पुढून मागे सुमारे १७ मिलिमीटर लांब असतो; मोठ्या माणसाचा सुमारे २४ मिलिमीटर होतो. म्हणजे शरीराबरोबर डोळाही वाढतो. ही वाढ प्रमाणाबाहेर झाली, डोळा लांबट झाला, तर चित्र पडद्याच्या अलीकडेच पडते. जवळचे दिसते, लांबचे धूसर होते. एक मिलिमीटर लांबी जादा झाली तरी अडीच ते तीन नंबरांचा फरक पडतो. याला निकटदृष्टिता म्हणतात, आणि फळा न दिसण्याचे हेच मुख्य कारण. उलट डोळा आखूड राहिला तर मुलाला सतत ताण देऊन पाहावे लागते. वाचायला बसले की कपाळ दुखते, डोळ्यांतून पाणी येते, आणि ते पुस्तक मिटून उठते. तिसऱ्या प्रकारात डोळ्याच्या बुबुळाचा आकार सर्व बाजूंनी सारखा गोल नसतो. चष्म्याच्या दुकानात ज्याला सिलिंडरचा नंबर म्हणतात तो हा. या तिन्ही गोष्टींवर उपाय एकच, तो म्हणजे योग्य नंबराचा चष्मा. इतका स्वस्त आणि इतका तात्काळ गुण देणारा उपाय वैद्यकात क्वचितच सापडेल.

"मग आज काय आणि चार वर्षांनी काय, चष्माच लावायचा ना?" असे कुणी विचारील. इथेच खरी मेख आहे.

पाहण्याचे काम एकटा डोळा करत नाही. डोळा चित्र पाठवतो. ते वाचतो मेंदू. आणि वाचायला शिकावे लागते, तसे पाहायलाही मेंदूला शिकावे लागते. हे शिक्षण जन्मापासून सुरू होते आणि साधारण सात-आठ वर्षांच्या वयापर्यंत त्याचा मुख्य भाग उरकतो. या काळात एका डोळ्याकडून येणारे चित्र सतत धूसर असेल, किंवा डोळा तिरळा असल्यामुळे ते भलतीकडचे असेल, तर मेंदू त्या डोळ्याचे ऐकणेच सोडून देतो. डोळा वरून धडधाकट दिसतो, पण त्याने पाठवलेले चित्र वाचले जात नाही. याला आळशी डोळा म्हणतात. नाव जरा अन्यायाचे आहे, कारण आळस डोळ्याचा नसतो. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल या दोन शास्त्रज्ञांनी १९६० नंतरच्या काही वर्षांत मांजराच्या पिलांवर प्रयोग करून ही गोष्ट दाखवून दिली. पिलाचा एक डोळा पहिले काही आठवडे बंद ठेवला आणि मग उघडला, तर मेंदूतल्या पेशी त्या डोळ्याला जवळजवळ दाद देईनात. मोठ्या मांजराचा डोळा तितकाच काळ बंद ठेवला, तर असे काही होत नव्हते. पाहण्याच्या ज्ञानात मोलाची भर घालणाऱ्या या दोघांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. शेतकऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. पेरणीला वाफसा असतो तेव्हाच पेरावे लागते. वाफसा गेल्यावर तेच बियाणे आणि तीच मेहनत असूनही पीक तसे येत नाही.

आमच्या महाविद्यालयात काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थी होता. कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा. सैन्यात भरती व्हायचे हे त्याचे ठरलेले होते. दोन वर्षे तो पहाटे चारला उठून गावाबाहेरच्या रस्त्यावर धावला. धावण्याची चाचणी तो उत्तम रीतीने उतरला. बाकीचेही सगळे झाले. वैद्यकीय तपासणीत एक डोळा झाकायला सांगितला, आणि उजव्या डोळ्याने त्याला तक्त्यावरच्या वरच्या दोन-तीन ओळींपलीकडे काही वाचता येईना. परत आल्यावर त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी सगळे पाहून सांगितले की, डोळ्यात आजार नाही. त्या डोळ्याला लहानपणापासून मोठा नंबर होता आणि चष्मा कधी लागला नाही. मुलाने विचारले, "आता चष्मा लावला तर होईल का, सर?" डॉक्टर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "पाचव्या वर्षी आला असतास तर बहुतेक झालं असतं." तो मुलगा आज तालुक्याच्या गावी दुकान चालवतो, चांगला चालवतो. पण एकोणीस वर्षांत त्याचा एक डोळा झाकून दुसऱ्याने पाहायला कुणी सांगितलेच नव्हते. या कामाला पाच मिनिटेही लागली नसती.

वेळेवर सापडले तर काय करतात? आधी चष्मा देतात. मग चांगल्या डोळ्यावर रोज काही वेळ पट्टी लावतात, म्हणजे अधू डोळ्याला काम करावेच लागते. मध्यम प्रकारच्या आळशी डोळ्याला दिवसातून २ तासांची पट्टी ६ तासांच्या पट्टीइतकीच गुणकारी ठरते, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत दिसून आले. किती वेळ लावायची हे अर्थात डॉक्टरांनी ठरवायचे. मूल पट्टी ओढून काढते, रडते, आणि मग आजीला कळवळा येतो, "राहू दे गं, लेकराचा चांगला डोळा कशाला झाकतेस?" असे ती म्हणते. आजीची माया खरी आहे. पण या थोड्या दिवसांच्या रडण्यावर त्या डोळ्याचा जन्मभराचा प्रकाश अवलंबून आहे, हे तिला नीट समजावून सांगितले पाहिजे. आणखी एक गोष्ट. मूल आठ वर्षांचे होऊन गेले म्हणून आशा सोडू नये. सात ते बारा वर्षांच्या मुलांतही काहींना उपचाराने बराच फरक पडतो, असे नंतर दिसून आले आहे. परंतु जितक्या लवकर, तितका गुण अधिक, हा नियम कायम आहे.

तिरळ्या डोळ्याविषयी आपल्याकडे एक गोड गैरसमज आहे. तिरळे मूल नशीबवान असते, म्हणून त्याकडे कौतुकाने पाहायचे. नाहीतर "मोठं झालं की आपोआप सरळ होईल" असे म्हणून वाट पाहायची. पहिले काही महिने बाळाचे डोळे मधूनमधून इकडेतिकडे जातात, त्यात घाबरण्यासारखे नसते. पण तीन-चार महिने उलटल्यावरही डोळा तिरळा दिसत असेल, तर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. पुष्कळदा त्याच्या मुळाशी चष्म्याचा नंबर असतो.

आता तपासणी केव्हा करावी, ते सांगतो. श्रोत्यांनी, विशेषतः आयाबहिणींनी, हे ध्यानात ठेवावे.

पहिली वेळ जन्माची. बाळ ३४ आठवड्यांच्या आत जन्मले असेल, किंवा त्याचे वजन २००० ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर त्याच्या डोळ्यांचा मागचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत तज्ज्ञांकडून तपासून घ्यावा लागतो. अशा बाळांच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांची वाढ पुरी झालेली नसते, आणि तीत बिघाड झाला तर थोड्या आठवड्यांत दृष्टी जाऊ शकते. दवाखान्यातून घरी सोडताना ही तारीख विचारून, लिहून घ्यावी. दुसरी वेळ तीन महिन्यांची. तोपर्यंत बाळाने आईच्या तोंडाकडे टक लावून पाहिले पाहिजे, हलत्या वस्तूमागे नजर फिरवली पाहिजे. तसे होत नसेल तर थांबू नये. तिसरी वेळ तीन वर्षांच्या सुमारास, अंगणवाडीत जाताना. चौथी पहिलीत नाव घालण्यापूर्वी. आणि पुढे शाळा संपेपर्यंत दर वर्षी एकदा. ज्याला चष्मा लागला आहे, त्याने डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, बहुधा सहा महिन्यांनी किंवा वर्षाने, नंबर पुन्हा पाहून घ्यावा. गेल्या वर्षी डोळे चांगले होते, म्हणून यंदा पाहायला नको, हा हिशेब मुलांच्या बाबतीत चुकीचा आहे. मूल वाढते आणि डोळाही वाढतो. दर वर्षी नवी चप्पल घेताना पाय मोजतोच की नाही?

यासाठी व्यवस्थाही आहे. २०१३ साली आपल्या पालघरहून ज्याचा आरंभ झाला, तो राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा यावे, अशी योजना आहे. अंधत्व निवारणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून गरजू शाळकरी मुलांना चष्मेही मोफत मिळतात. पण योजना मुलापर्यंत पोहोचते की नाही, हे शेवटी गावावर आणि शाळेवर अवलंबून राहते. पथक आले त्या दिवशी जे मूल गैरहजर असते, त्याचे नाव मागे पडते. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर जी मुले दिवाळीच्या सुमारास फडावर जातात आणि उन्हाळ्यात परततात, त्यांचे नेमके असेच होते. गैरहजर मुलांची यादी करून ती पुढच्या वेळेसाठी राखून ठेवणे, एवढे काम शिक्षकांनी केले तरी पुष्कळ होईल. आणि पथकाने दिलेली चिठ्ठी दप्तराच्या तळाशी चुरगळून पडणार नाही, हे आईने पाहावे. तपासणीत दोष सापडला आणि पुढे कुणी नेले नाही, तर ती तपासणी झाली काय आणि न झाली काय, सारखेच.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी पथकाची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. दृष्टीची पहिली चाळणी शिक्षक स्वतः लावू शकतात. हर्मान स्नेलन नावाच्या डच डॉक्टरांनी १८६२ साली अक्षरांचा तक्ता तयार केला; जगभर आजही त्याच पद्धतीचे तक्ते वापरतात. अक्षर न येणाऱ्या मुलांसाठी त्यात इंग्रजी 'ई'सारखी तीन पायांची खूण असते. पाय वर, खाली, डावीकडे की उजवीकडे, एवढे मुलाने हाताने दाखवायचे. हा तक्ता ग्रामीण रुग्णालयातल्या डोळे तपासणाऱ्या अधिकाऱ्यांकडून मागून घ्यावा. घरी हाताने काढू नये, कारण खुणेचे माप नेमके असावे लागते.

पद्धत अशी. तक्ता मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, चांगल्या उजेडात लावावा; मुलाच्या डोळ्यांवर ऊन येऊ देऊ नये. तक्त्यापासून ६ मीटर, म्हणजे सुमारे वीस फुटांवर, जमिनीवर खडूने रेघ ओढावी. मुलाला रेघेवर उभे करावे. एक डोळा पुठ्ठ्याने किंवा तळहाताच्या खोलगट भागाने झाकावा. बोटांनी झाकू नये, कारण फटीतून दिसते, आणि डोळा दाबूही नये, कारण मग तो उघडल्यावर काही वेळ धूसर दिसते. आधी उजवा, मग डावा. एकावेळी एकच मूल आत घ्यावे, नाहीतर रांगेतली मुले खुणा पाठ करतात. चष्मा असलेल्या मुलाला चष्म्यासकट तपासावे. मोठ्या खुणांपासून सुरुवात करून ६/९ लिहिलेल्या ओळीपर्यंत यावे. ६/९ याचा अर्थ असा की, चांगला डोळा जी खूण ९ मीटरांवरून ओळखतो, ती हे मूल ६ मीटरांवरून ओळखते. या ओळीतली खूण १३ मिलिमीटर, म्हणजे साधारण अर्धा इंच उंच असते. कोणत्याही एका डोळ्याने ही ओळ नीट सांगता आली नाही, तर त्या मुलाचे नाव लिहावे आणि त्याला पुढे पाठवावे. चाळीस मुलांचा वर्ग दोन-तीन दिवसांत, थोडा थोडा वेळ काढून, सहज पुरा होतो.

मात्र ही चाळणी आहे, निदान नव्हे, हे विसरू नये. डोळा आखूड असलेले मूल ताण देऊन लांबचा तक्ता बरोबर वाचून जाते. म्हणून वर्षभर मुलांकडे पाहण्याची सवय ठेवावी. जे मूल डोळे बारीक करून फळ्याकडे पाहते, मान वाकडी करते, एक डोळा मिटते, वारंवार डोळे चोळते, ओळ सोडून वाचते, शाळा सुटताना डोके दुखते म्हणते, चेंडू झेलताना नेहमी चुकते, त्याचे डोळे पाहून घ्यावेत. आणि एक विनंती. दिसत नाही म्हणून मुलाला पुढच्या बाकावर बसवणे हा सद्भावनेचा उपाय आहे, पण तो पुरा नव्हे. पुढे बसल्याने मुलाला फळा दिसतो आणि आपली शंका मिटते. डोळा मात्र जसाच्या तसा राहतो. चिठ्ठी मिळेपर्यंत पुढे बसवावे, चिठ्ठीच्या ऐवजी नव्हे.

पुढची तपासणी करताना डॉक्टर मुलाच्या डोळ्यांत थेंब टाकतात. त्यानंतर काही तास, कधी काही दिवस, जवळचे धूसर दिसते आणि उन्हाचा त्रास होतो. आईबाप घाबरतात. भिण्याचे कारण नाही. मुलाच्या डोळ्यातला आतला स्नायू फार जोरकस असतो. तपासताना तो आवळून धरला तर नंबर चुकीचा निघतो. थेंबांनी तो सैल होतो आणि खरा नंबर कळतो. म्हणूनच लहान मुलाचा पहिला चष्मा केवळ दुकानातल्या यंत्रावर नंबर काढून करू नये.

चष्मा मिळाला म्हणजे काम संपले, असेही नाही. पुणे जिल्ह्यातल्या ग्रामीण माध्यमिक शाळांत ज्यांना चष्मे दिले होते, अशा १०१८ मुलामुलींना काही काळाने पुन्हा पाहिले, तेव्हा फक्त ३०० जणांच्या डोळ्यांवर चष्मा होता. ही पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. बाकीच्यांपैकी बऱ्याच जणांनी चष्मा घरी ठेवला होता, आणि काहींपाशी तो उरलाच नव्हता. निम्म्याहून अधिक मुलांना चष्मा घालणेच नकोसे वाटत होते. का वाटू नये? वर्गात पाऊल टाकले की "ढापण्या आला" अशी हाळी उठते. मुलगी असेल तर घरातच कुणीतरी म्हणते, "आतापासून चष्मा, उद्या स्थळं कशी यायची?" आपण तिच्या लग्नाची काळजी करतो आणि तिच्या शिक्षणाचा उजेड काढून घेतो. या बाबतीत गुरुजींचा एक शब्द फार कामाचा असतो. वर्गात चिडवणे खपवून घेतले जाणार नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट करावे. ज्या गुरुजींना स्वतःला चष्मा आहे, त्यांनी तर तो काढून मुलांना हातात द्यावा आणि ही काच काय करते ते समजावून सांगावे.

"चष्मा लावला की नंबर वाढत जातो", हाही एक जुना समज. नंबर वाढतो तो मूल वाढते म्हणून, चष्म्यामुळे नव्हे. चष्मा न लावल्याने नंबर थांबत नाही, फक्त मूल आंधुक जगात राहते. तसेच गाजर, शेपू, शेवग्याचा पाला, पपई ही मुलांनी जरूर खावीत. त्यांतून अ जीवनसत्त्व मिळते आणि रातांधळेपणा टळतो. अंगणवाडीत नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत अ जीवनसत्त्वाचे नऊ डोस देतात, तेही चुकवू नयेत. पण गाजराने चष्म्याचा नंबर उतरत नाही, आणि पहाटेच्या दवावर अनवाणी चालण्यानेही नाही.

मग नंबर लागू नये म्हणून काहीच करता येत नाही का? थोडे करता येते, आणि ते फुकटात आहे. मुलांना उघड्यावर खेळू द्यावे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांवर तीन वर्षे एक प्रयोग झाला; तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. काही शाळांत मुलांना रोज ४० मिनिटे जादा मैदानावर नेले. काहींत नेहमीसारखे चालू ठेवले. तीन वर्षांनी पाहिले, तर नेहमीच्या शाळांत शंभरातल्या सुमारे ४० मुलांना निकटदृष्टिता आली होती, आणि मैदानावर जाणाऱ्यांत सुमारे ३० मुलांना. म्हणजे सारीच टळली असे नाही. पण काहींची टळली, केवळ दिवसाच्या उजेडाने. खेड्यातल्या मुलाला हा उजेड आजवर आपोआप मिळत होता. आता मोबाइल खेड्यातही पोहोचला आहे, आणि मूल ओसरीच्या कोपऱ्यात हातभर अंतरावरच्या पडद्याकडे तासन् तास पाहत बसते. खेळाचा तास रद्द करून गणित घेणाऱ्या शाळांनीही यावर विचार करावा.

शेवटी काही गोष्टी अशा, ज्यांत एक दिवसही दवडू नये. मुलाच्या डोळ्याची बाहुली पांढरी दिसत असेल, किंवा अंधारात उजेड पडल्यावर, फोटोत, ती मांजराच्या डोळ्यासारखी चमकत असेल, तर ताबडतोब डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. तो मोतीबिंदू असू शकतो. क्वचित डोळ्याच्या पडद्याचा कर्करोगही असतो, आणि तो बहुधा पाच वर्षांच्या आतल्या मुलांनाच होतो. लवकर कळला तर जीव वाचतो, पुष्कळदा डोळाही वाचतो. तंबाखूसाठी आणलेल्या चुन्याची नळी मुले खेळायला घेतात, दाबतात, आणि चुना डोळ्यात उडतो. असे झाले तर आधी डोळा उघडा धरून स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे धुवावा, मग दवाखान्याकडे धावावे. आधी धावण्याच्या घाईत धुणे राहू नये. विटीचा मार, बाणाची काडी, फटाक्याची ठिणगी लागली तर मात्र डोळा चोळू नये, दाबू नये; सैल झाकून तसाच न्यावा. आणि कुठल्याही दुखऱ्या डोळ्यात मध, लिंबू, तूप, काजळ किंवा कुणी दिलेला अंगारा घालू नये.

श्रोतेहो, एखाद्या गोष्टीवर बारीक लक्ष ठेवायचे असले की आपण म्हणतो, डोळ्यांत तेल घालून पाहा. मुलांच्या डोळ्यांत तेल घालायचे नाही. त्यांच्या डोळ्यांकडे मात्र तसे पाहायचे आहे. या आठवड्यात प्रत्येक आईबापाने एक करून पाहावे. मुलाला अंगणात उभे करावे, एक डोळा झाकायला सांगावा आणि समोरच्या भिंतीवरचे दिनदर्शिकेचे पान किंवा दुकानाची पाटी वाचायला लावावी. मग दुसरा डोळा झाकून तेच वाचून घ्यावे. दोन्ही डोळ्यांत फरक वाटला, तर पुढच्या बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाताना मुलालाही बरोबर न्यावे आणि ग्रामीण रुग्णालयात दाखवावे. फरक वाटला नाही, तरी शाळेची तपासणी चुकवू नये. आणि शिक्षकांनी येत्या सोमवारी फळ्यावर शेवटच्या बाकाला दिसेल अशा अक्षरात एक ओळ लिहावी, आणि ती वाचायला पहिल्यांदा त्याच मुलाला उठवावे, ज्याचे लक्ष नाही असे आपण इतके दिवस म्हणत आलो आहोत. त्याने वाचली तर ठीकच. नाही वाचली, तर त्याला बसा म्हणण्यापूर्वी एकदा जवळ बोलावून तीच ओळ पुन्हा वाचायला सांगावी.